मूळ काढून मिळेल

माझा धंदा मुळं काढायचा. बिल्डिंग जुनी झाली की पाइपाच्या बाजूला, छज्ज्याच्या खाली कुठे तरी पिंपळ उगवतो, नाहीतर वड, नाहीतर उंबर. कावळा येतो, बसतो, घाण करतो, त्यात बी असतं. सोसायटीवाले वरून कापतात आणि खूश होतात. पुढच्या वर्षी तो दुप्पट, कारण मूळ आतच. मग मला फोन. मी दोरीवर लटकतो, नाहीतर चेंबरात उतरतो, नाहीतर कुणाच्या तरी संडासात डोकं घालून बसतो. शाळेत गुरुजी बोलायचे, तू जिथे डोकं घालशील तिथे घाणच असणार. तेवढं एक त्यांनी बरोबर ओळखलं.

माझं शिक्षण चौथी. पण चौथी मी दोनदा केली, म्हणजे हिशेबाने पाचवी झाली की. असं मी बायकोला लग्नाआधी सांगितलेलं आणि ती अजून मला पाचवी पास समजते.

धंदा सुरू केला तेव्हा भांडुपला डोंगरावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भिंत होती, तिच्यावर मी स्वतः ब्रशने रंगवलं: मूळ समूळ काढून मिळेल. खाली मोबाईल नंबर. 'समूळ' हा शब्द मी आधी कुठेतरी वाचलेला, मला जाम आवडला होता. पहिल्या आठवड्यात फोनच फोन. मी बोललो, वा, मुंबईत एवढी मुळं! पहिलाच माणूस हळू आवाजात विचारतो, "काढताना दुखतं का हो?"

मी बोललो, "तुम्हाला कशाला दुखेल? तुम्ही बाजूला उभे राहा."

"बाजूला? आणि किती वेळ लागतो?"

"आत किती गेलंय त्याच्यावर आहे. बाहेर दिसतं का?"

"थोडंसं दिसतं."

"मग सोपं आहे. पटाशी लावायची, हातोडीने दोन ठोके द्यायचे, सुटतं."

फोन कट. मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. तो 'समूळ' मी वाचलेला होता मूळव्याधीच्या जाहिरातीत. सगळे फोन तिथलेच. बायको बोलली, आधी भिंत पुस. मी पुसली नाही. रंग माझा होता, मेहनत माझी होती. अजून महिन्याला एखादा फोन येतो, आणि आता मला त्यातले दोन-चार घरगुती उपायही माहीत झालेत.

तर सांगायचं काय, हा शब्द माझ्या मागे लागलाय. मी भिंतीतून ओढतो ते मूळ. रिक्षात बसलो की पुढचा विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" भांडुपचा. "नाही, पण मूळचे?" भांडुपच्या डोंगरावरचा. "तसं नाही हो, मूळचे, मूळचे?" मग मी बोलतो, मालवणकडचा, की लगेच त्याच्या जिवाला बरं वाटतं. जसा काही मी इथे टांगलेलाच होतो आणि त्याला माझं खालचं टोक सापडलं. गावी गेलो तर घराच्या मागे एक दगड आहे. तो आमचा मूळ पुरुष. वर्षाचं गाऱ्हाणं घालतात त्याला. माझा चुलतभाऊ बोलला, "पायां पड रे, हो आपलो मूळ." मी वाकून बघितलं तर दगडाखाली पिंपळाचं रोप. सवयीने हात गेला, उपटलं. चुलतभाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आणि लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासरे दारात. साताऱ्याकडचे, फेटा, हातात पिशवी. बोलले, "मूळ आलोय." मी बोललो, "बसा, दाखवा कुठं आहे." आतून बायको धावत आली. त्यांच्याकडे सासरी दिलेल्या मुलीला माहेरी न्यायला जो येतो त्याला मूळ म्हणतात. सासऱ्यांनी गावात जाऊन सांगितलं, जावई कामाला चांगला आहे, बाकी काही विचारू नका.

हसायचं तेवढं हसून घ्या. कारण मुळांची मला भीती वाटते. हो, मलाच. हलवाई मिठाई खात नाही तसं नाही हे, खरीच भीती. घाटकोपरला एका ताईंच्या खोलीत भिंतीवरचा आरसा पुढे पुढे यायला लागलेला. खिळा पक्का, तरी आरसा पुढे. मी आरसा काढला. त्याच्या पाठीला बारीक बारीक मुळं चिकटलेली, काळपट, सगळी एकाच दिशेला, कुणी फणी फिरवावी तशी. मी जोक मारला, "ताई, तुमचे केस." त्यांनी ते बघितलं आणि त्या जिना उतरून खाली गेल्या, त्या काही वर आल्याच नाहीत. मलाही एकट्याला तिथे थांबवेना. मी मागे मागे गेलो आणि त्यांना बोललो, "ताई, मला सोबतीला कुणी मिळेल का?"

पण मुळाचा एक कायदा मला पाठ आहे. मूळ पाण्याकडे जातं. पाइप फुटला तिकडे, टाकी झिरपली तिकडे. पाण्याकडे पाठ करून मूळ जात नाही. एवढ्या कायद्यावर माझं घर चालतं.

तो कायदा गोराईला मोडला.

फोन सकाळी आला. म्हातारीचा आवाज, हळू पण ठाम. "मूल कारता ना तुमी?"

इथे एक सांगायला पाहिजे. गोराईच्या जुन्या गावठाणातले लोक, ख्रिश्चन, दर्यावर जाणारे, वाडी करणारे, त्यांच्या बोलण्यात ळ नाही. डोळ्याला डोला, शाळेला शाला. ड-ढचा पण र होतो, गाडीला गारी, रडण्याला ररणं. त्यामुळे मूळ पण मूल आणि मूल पण मूलच. मी गोराईला आधी काम केलेलं. तिच्या शेजारणीच्या मोरीतून मी उंबराचं एक मूळ न तोडता अख्खं ओढून काढलेलं, पोरं बघायला जमलेली. तीच शेजारीण तिला बोलली असणार की भांडुपचा एक माणूस आहे, जमिनीतून मूल काढतो, तुकडा पडू देत नाही.

आता मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण मला नंतर कळलं ते तुम्हाला आधीच कळलेलं बरं. म्हातारीला पाहिजे होतं मूल. तिचं, पोटचं. जन्मलं तेव्हाच गेलेलं, घरामागे पुरलेलं. तिच्या अंगणात पुढच्या आठवड्यात पेव्हर ब्लॉक बसणार होते आणि ते बसायच्या आत तिला ते बाहेर काढायचं होतं. आणि मी, दोनदा चौथी, ऐकलं मूळ.

"काढतो ना आजी," मी बोललो. "कुठे आहे?"

"घरामागं. बावखलाच्या बाजूला. जुनं हाय, बाला. लय जुनं."

"जुन्याची काळजी नको. जुनंच जास्त काढतो मी."

तिने विचारलं, "अख्खं येल काय?"

"बघू. जुनं असलं की कुजतं, तुकडे होतात. मग गोणीत भरून नेतो."

मग ती बोलली, "तुकरं नको करू. गोनी पन नको."

"बरं, अख्खं काढतो. शब्द दिला." गिऱ्हाईक म्हातारं असलं की मी जरा मोठेपणा करतो. तेवढंच आपल्याला पण बरं वाटतं.

बोरिवलीहून जेट्टीवर गेलो, बोटीतून पलीकडे. खाडीचा वास, सुकत टाकलेल्या बोंबलाचा वास, आणि ऊन असं की हत्यारांची पिशवी धरवेना. घर जुनं, कौलारू, पुढे नवीन रंग. मुलगा दारात उभा होता, साठीचा असेल, बनियन आणि बर्म्युडा. बोलला, "मायला, आय बोलली तेव्हा मना वाटलं, काय तरी खूळ हाय. पन बरोबर हाय. त्या उंबराचं मूल कारलं नाय तर ब्लॉक वर येतील. पावने गारी घेऊन येतात शनवार-रविवार, गारी कुठं लावनार?" तो पण मूळच समजत होता. मला बजावून तो स्कूटरवर बसला, रेतीवाल्याकडे गेला.

मागचं अंगण रिकामं, सपाट केलेलं. एका कोपऱ्यात बावखल, म्हणजे पायऱ्या असलेलं चौकोनी पाणी, वाडीला पाणी द्यायचं. त्याच्या कडेला उंबर, जाडजूड, बुंध्याला लाल फळं चिकटलेली. म्हातारीने लाकडी खुर्ची आणून सावलीत ठेवली आणि बसली. अंगावर लाल चौकड्यांचं लुगडं, गळ्यात काळा दोरा, त्यात क्रूस. पाय जमिनीला टेकत नव्हते एवढीशी.

मी बुंध्याकडे निघालो. ती बोलली, "तिकरं नाय. हिकरं."

तिने दाखवली ती जागा झाडापासून बरीच लांब होती, आणि पाण्याच्या उलट बाजूला. भिंतीजवळ, नुसती कोरडी माती.

"आजी, तिथे कसं असेल? पाणी तिकडे आहे."

"हिकरंच हाय. मी नाय ठेवलं, माज्या सासूनं ठेवलं. मना उठता येत नव्हतं. पन मी खिरकीतून बघतली."

मी मनात बोललो, म्हातारी गेली कामातून. सासूने मूळ ठेवलं? पण गिऱ्हाईकाच्या जागेत गिऱ्हाईक राजा. आणि अख्खं झाड खोदण्यापेक्षा हे बरं, दोन फूट खोदायचं, काही नाही असं दाखवायचं, चहा प्यायचा. मी टिकाव मारला.

ती बोलायला लागली. तिचा आवाज असा की पाळण्याजवळ बसलेली बाई बोलते तसा.

"पयले ररायचं. आता नाय ररत."

"मुळं आवाज करतात आजी. भिंतीला कान लावला तर कट् कट् ऐकू येतं. मी खूप वेळा ऐकलंय."

ती खुर्चीत पुढे सरकली. "तुना पन ऐकू येतं?"

"येणारच ना, धंदाच आहे."

"देवा." तिने क्रूसाला हात लावला. "मना वाटलं मी येरी हाय. मालक माजा बोलायचा, तू येरी हाय, तिथं काय नाय. तो गेला, पन मरेपर्यंत तेच बोलला."

"नवरे असंच बोलतात," मी बोललो. "माझी बायको पण मला येडाच बोलते, आणि ती जिवंत आहे."

ती हसली. दात नव्हते पण हसू चांगलं होतं. मी खूश, टिकाव मारतोय.

आणि मूळ लागलं.

मी हात थांबवला. उंबराचंच होतं, पिवळट, मनगटाएवढं जाड. ते बुंध्यापासून निघून पाण्याला पाठ करून सरळ इकडे आलेलं. वाटेत कुठे फाटा नाही, वळण नाही. मी बाजूला खणून बघितलं, ओल नाही, पाइप नाही, गटार नाही. नुसतं कोरडं खडखडीत. दुपारची वेळ, डोक्यावर ऊन, आणि माझ्या मानेवर काटा. मी तोंडाने बोलत राहिलो, कारण गप्प बसलो की मी पळतो, हे मला माहीत आहे.

"आजी, कमाल आहे. हे इकडे आलं कसं? ह्याला पाणी कुठून?"

"त्याचेवर पानी परलंच नाय, बाला," ती बोलली. "पानी परायच्या आदीच गेलं. पाद्रीला बोलवायला मानूस धारलेला, तो येईपर्यंत गेलं. पानी नाय परलेलं मूल देवलाच्या जागेत नाय पुरायचे तवा. म्हनून सासूनं हिकरं पुरलं."

टिकाव माझ्या डोक्यावर होता. तिथेच राहिला.

देवूल म्हणजे त्यांचं चर्च, हे मला माहीत होतं. पाणी पडणं म्हणजे पाद्री डोक्यावर ओततो ते, हेही टीव्हीवर बघितलेलं. एकेक गोष्ट उलट्या क्रमाने माझ्या डोक्यात चढायला लागली. गोणी. तुकडे. ररायचं. अख्खं काढतो, शब्द दिला.

मी खड्ड्यातून बाहेर आलो. आलो म्हणजे चढलो नाही, उडालो. पाय घसरला, पावड्यावर बसलो, नको तिथे लागलं. "आजी, मी जरा... लघवीला जाऊन येतो," असं बोललो आणि बावखलाच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिलो. लघवी आलीच नव्हती. पाण्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते तोंड बघून मला जास्त भीती वाटली.

परत आलो. बोललो, "आजी, माझी चूक झाली. मी मूळ काढतो. झाडाचं. मूळ. ळ. ळ."

"होय, मूल," ती बोलली.

"मूल नाही, मूळ!"

"तेच बोलते ना मी. मूल."

मी जीभ टाळूला लावून दाखवली, तोंड उघडून. ती माझ्या तोंडात बघत राहिली, डॉक्टर बघतो तशी. मग मी झाडाकडे बोट दाखवलं, मुळाकडे बोट दाखवलं, आणि हळूहळू तिला कळलं. तिचा चेहरा बारीक झाला. खुर्चीच्या हातांवरून हात फिरवत बसली.

मग ती बोलली, "आता पाद्री नवा हाय. तो बोलला, आयतारी घेऊन या, आता चालतं, पानी नाय परलं तरी चालतं. माज्या मालकाच्या बाजूला ठेवायचं. मंगलवारी ब्लॉक लावनार. त्याचेवर गाऱ्या उभ्या ऱ्हानार, बाला. गाऱ्या."

"मुलाला सांगा ना तुमच्या."

"त्याला म्हायत नाय. तो मागून झाला. मी कोनालाच नाय बोलले. तुनाच बोलले."

तुनाच बोलले. आणि तेही चुकून, एका अक्षरासाठी. आता मी तिला काय सांगणार होतो? की मी जातो? मला जायचंच होतं, अगदी मनापासून. बोट समोर दिसत होती. पण मी फोनवर बोललेलो, अख्खं काढतो. ते बोलताना मला माहीत नव्हतं मी काय काढणार आहे, पण तोंड तर माझंच होतं.

टिकाव ठेवला बाजूला. हाताने माती काढायला लागलो. मनात मालवणच्या दगडाची माफी मागून घेतली, सासऱ्यांचीही मागितली, जेवढे आठवले तेवढ्यांची. मूळ पुढे पुढे जात होतं, आणि मग ते एकदम थांबलं. म्हणजे संपलं नाही. फुटलं, बारीक झालं, शेकडो तंतू झाले आणि त्यांचा एक गठ्ठा झाला, घट्ट विणलेला. मी भोवतालची माती मोकळी केली. हात फिरवला.

त्या गठ्ठ्याला कोपरे होते.

मी एवढ्या वर्षांत लांब मूळ बघितलंय, गोल बघितलंय, पाइपाच्या आत पाइपासारखं झालेलं बघितलंय. मुळाला कोपरे नसतात. ह्याला होते, चांगले धारदार, बोटाला लागत होते. हातभर लांब, वीतभर रुंद. बाजूला गंजलेला एक खिळा, लाकडाचा काळा भुगा. खोका होता तो. खोका कुजून गेला, पण तो जाईपर्यंत मूळ आत शिरून त्याचा सगळा आतला भाग भरून बसलं होतं. जे आत होतं ते आता मुळात होतं. कुठे मूळ आणि कुठे काय, ते वेगळं करायला मी काय, कुणीच करू शकलं नसतं.

"मिललं?" वरून आवाज आला.

"मिळालं," मी बोललो. दुसरं काय बोलणार.

कोयती घेतली. गठ्ठा जिथे जाड मुळाला जोडलेला तिथे कापायचं होतं. ती खुर्चीतून उतरून खड्ड्याच्या कडेला येऊन बसलेली, मला कळलंही नाही कधी.

"सांबालून काप," ती बोलली. "नाल हाय ती."

मी कापलं. पांढरा चीक आला. उंबराला चीक असतोच, त्यात काही नाही, रोज हाताला लागतो. पण त्या दिवशी तो थांबेना. जाड मुळातून येत राहिला, मातीत पडत राहिला, आणि माती तो पित राहिली. तिने बोट पुढे केलं, थोडा घेतला आणि अंगठ्याने चोळून बघितला.

मी गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला. सुकं मूळ हलकं असतं. हे गार होतं आणि जड होतं. मी ते तिच्या मांडीवर ठेवलं. तिने लुगड्याचा पदर सोडून त्याच्याभोवती घेतला, माती झटकली, एक कोपरा हाताने गोल करायला बघितला, जसा काही तो तिला टोचत होता.

"पोर हाय का पोरगी?"

"आजी, आता त्यात..."

"बघ ना बाला. मना कोनी सांगलंच नाय. सासूनं कापरात घेतलं आनि घेऊन गेली. मी विचारलं तर बोलली, गेलं ते गेलं, काय करायचं तुना. मी एवढी वर्सं 'ते' बोलते. ते ररतं, ते झोपलं, ते."

मूल आपल्या बोलीत 'ते'च असतं, ती बिचारी दुसरं काय बोलणार. मी वाकून बघितलं. मुळंच मुळं. एकमेकांत गेलेली, पांढरी, तपकिरी. मी थापा मारण्यात पटाईत आहे, तुम्ही वर वाचलंच असेल. पण त्या वेळी मी थाप शोधत नव्हतो, शपथेवर सांगतो. मी खरंच बघत होतो. आणि तोंडातून आलं, "पोरगी."

कसं आलं माहीत नाही. तिने मान हलवली, लगेच, जशी मी चूक केली असती तर तिने ती दुरुस्त केली असती. मग ती खाली वाकली आणि त्या गठ्ठ्याला हळूच काहीतरी बोलली. एकच शब्द, नाव असणार. मला नीट ऐकू आलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

स्कूटरचा आवाज आला. मुलगा मागे आला, घामाने भिजलेला, हातात पाण्याची बाटली. आईला जमिनीवर बसलेली बघून धावला. "काय गे आय, खाली कशाला बसली? काय मिललं?"

ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघून बोलली, "मूल."

लपवलं नाही तिने. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा बोलली, सगळं बोलली, एका शब्दात. आणि तो बोलला, "एवरंच? मना वाटलं मोठं असंल. दे, दर्यावर फेकतो."

"नाय. मी ठेवनार."

"मुलाला ठेवून काय करनार, आय?"

"आयतारी घेऊन जानार मी."

त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे ही बरी आहे ना अशा नजरेने. मी पावड्याची माती काढत राहिलो, जिथे माती नव्हती तिथली पण. त्याने सुस्कारा टाकला, म्हातारं माणूस आहे, असू दे, असा. वाकला आणि तिच्या मांडीवरून तो गठ्ठा उचलायला लागला.

"सांबालून," ती बोलली. "मानेला हात लाव."

कुठली मान, हे त्याने विचारलं नाही. डावा हात वर सरकवला, पंजा पसरून एका टोकाखाली धरला, कोपर वाकवलं, आणि गठ्ठा छातीशी घेतला. त्याच्या बनियनवर चिकाचा पांढरा डाग पडला. तो तसाच उभा राहिला जरा वेळ, ऊन डोक्यावर. पायाने थोडा हलत होता, इकडे तिकडे, लहान पोराला घेऊन माणूस हलतो तसा. आपण हलतोय हे त्याला माहीत नसावं.

मग घराकडे वळला. दारात ऊन संपून काळोख सुरू होतो तिथे तो जरा वाकला, चौकट लागू नये म्हणून, आणि बोलला, "चल गे. आत चल."

म्हातारी अजून खड्ड्याच्या कडेलाच बसली होती, माझ्या बाजूला. तिने मान वर केली नाही. तिलाच बोलला असेल तो.